कुरकुरीचा त्याग : एका ख्रिस्ती साधनेचा इतिहास

ज्युबिलीचें वर्ष हें मुक्तीचें वर्ष होय. लेवीयांच्या पुस्तकांत पन्नासाव्या वर्षाविषयीं जी आज्ञा आढळते, तिच्यांत जमिनीला विसावा, दासाला सुटका आणि विकलेलें वतन मूळ घराण्याला परत, अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत. आपल्या धर्मग्रामाच्या या उत्सवांत गतकाळच्या उपकारांबद्दल परमेश्वराचे आभार मानीत असतां, आपणहि कोणत्या दास्यांतून सुटावें, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारणें उचित ठरेल. मंदिराच्या बांधणीचा, पूर्वीच्या धर्मगुरूंचा, शाळेचा व मंडळांचा वृत्तान्त या स्मरणिकेंत इतरांनीं दिलेलाच आहे. प्रस्तुत लेखांत एका जुन्या दास्याचा आणि त्यांतून सुटण्याच्या साधनेचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. तें दास्य म्हणजे कुरकूर.

हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. खून, व्यभिचार, चोरी यांच्या पंक्तीस कुरकुरीला कोण बसवील? पापनिवेदनाच्या वेळीं तिचा उच्चारहि क्वचितच होतो. तथापि धर्मग्राम फुटतात ते बहुधा मोठ्या पाखंडानें फुटत नाहींत. मिस्सा आटोपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर, विहिरीच्या कांठीं, लग्नाच्या मांडवांत जें हलक्या आवाजांत बोललें जातें, त्यानें ते फुटतात. उलटपक्षीं, ख्रिस्ती माणसानें तक्रार करूं नये, हें वचन पुष्कळदां दुर्बळाचें तोंड बंद करण्यासाठींहि वापरण्यांत आलें आहे. सुनेला, गड्याला, मजुराला मुकाट्यानें सोसावयास सांगणें ही कांहीं धर्माची शिकवण नव्हे. म्हणून पवित्र ख्रिस्तसभेनें नेमकें काय सोडावयास सांगितलें आणि काय सोडावयास सांगितलें नाहीं, हें इतिहासाच्या आधारें पाहणें अगत्याचें आहे.

आपल्या मराठी भाषेनें हा भेद आधींच करून ठेविला आहे. कुरकूर हा शब्द आवाजावरून घडलेला आहे : वंगण नसलेलें गाडीचें चाक कुरकुरतें, नवा जोडा कुरकुरतो. ग्रीक भाषेंतील 'गोंगुझो' व लॅटिन भाषेंतील 'मुर्मुर' हे शब्दहि असेच ध्वनीवरून बनलेले आहेत. परंतु आपल्याकडे दुसराहि एक शब्द आहे, तो म्हणजे गाऱ्हाणें. गाऱ्हाणें हें ज्याच्या हातीं उपाय आहे त्याच्यासमोर उभें राहून मांडावयाचें असतें. कुरकूर पाठीमागें होते, गाऱ्हाणें समोर होतें. या दोन शब्दांत जें अंतर आहे, तेंच पुढील सर्व इतिहासाचें सूत्र होय.

वाळवंटांतील दोन आवाज

निर्गमाच्या पुस्तकांत इस्राएली लोक मिसर देशांतून सुटतात, समुद्र पार करतात, विजयगीत गातात, आणि अवघ्या तीन दिवसांच्या वाटचालीनंतर मारा येथें कडू पाणी लागतांच मोशेविरुद्ध कुरकुरूं लागतात. पुढें सीन नांवाच्या रानांत पोहोंचल्यावर त्यांना मिसरांतील मांसाचीं भांडीं आठवतात. गणनेच्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायांत तर मासे, काकड्या, खरबुजें, कांदे व लसूण यांची सबंध यादीच त्यांच्या तोंडीं आली आहे. ज्या देशांत त्यांच्या तान्ह्या मुलग्यांना नदींत टाकण्याचा राजाचा हुकूम होता, त्याच देशाचा लसूण त्यांना आतां गोड वाटूं लागला! कुरकुरीचें पहिलें लक्षण येथें दिसून येतें. ती स्मृति बिघडविते. कालचें दास्य ती सुखाचें करून दाखविते आणि आजचा मान्ना तिला बेचव लागतो.

त्याच पुस्तकाच्या १४ व्या अध्यायांत हेर परत आल्यावर लोक रात्रभर रडतात आणि या रानांत मेलों असतों तर बरें झालें असतें, असें म्हणतात. त्यांचा शब्द त्यांच्याच पदरीं पडतो. हेरांनीं देश पाहण्यास ४० दिवस घेतले होते. दिवसाला एक वर्ष याप्रमाणें ४० वर्षें भटकंती ठरते, आणि ती पिढी रानांतच संपते.

परंतु वाचकांनीं ११ वा अध्याय पुन्हा एकदां लक्षपूर्वक वाचावा. तेथें तक्रार करणारे केवळ लोकच नाहींत. स्वतः मोशेहि तक्रार करतो, आणि तीहि लहानसहान नव्हे. या सर्व लोकांना मी का जन्म दिला, हा भार मला एकट्याला सोसवत नाहीं, असेंच वागवावयाचें असेल तर मला मरण दे, अशा अर्थाचें तो परमेश्वरासमोर बोलतो. लोक आपापल्या तंबूच्या दाराशीं रडत बसले होते. मोशे परमेश्वरापुढें उभा राहिला. लोकांच्या वांट्यास शिक्षा आली. मोशेला मात्र परमेश्वरानें ७० वडील मंडळी साह्यास दिली आणि त्याचा भार वांटून टाकिला. एकाच अध्यायांत, एकाच रानांत, एकाच संकटांत हे दोन आवाज ऐकूं येतात, आणि देव दोहोंना सारखें मानीत नाहीं.

पुढें स्तोत्रसंहितेंत हा दुसरा आवाज प्रार्थना होऊन राहिला. १५० स्तोत्रांपैकीं सुमारें एकतृतीयांश स्तोत्रें विलापाचीं आहेत. ईयोब परमेश्वराशीं वाद घालतो, आणि शेवटीं परमेश्वर ईयोबाला दोष न देतां, देवाची कैवारी म्हणून गोड गोड बोलणाऱ्या त्याच्या मित्रांवरच रागावतो. आपल्या प्रभूनें क्रुसावर टांगलेला असतां २२ व्या स्तोत्राच्या शब्दांनींच पित्याला हांक मारली. जो धर्म क्रुसावरचा तो आक्रोश वधस्तंभाच्या शुक्रवारीं उभ्यानें ऐकतो, तो धर्म दुःखिताला रडूं नको असें कसें सांगेल?

यरुशलेमची पहिली मंडळी

प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायांत ख्रिस्तसभेंतील पहिल्या अंतर्गत तंट्याची हकीकत आहे. रोजच्या अन्नवांटपांत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत असे, म्हणून त्या लोकांत इब्री भाषिकांविरुद्ध कुरकूर सुरू झाली. मूळ ग्रंथांत येथें जो शब्द योजिला आहे, तो वाळवंटांतील कुरकुरीसाठीं ग्रीक भाषांतरांत वापरलेल्याच शब्दाच्या कुळांतील आहे. प्रेषितांनीं काय केलें? कुरकूर हें पाप आहे, असें प्रवचन करून त्यांनीं त्या विधवांना घरीं पाठविलें नाहीं. त्यांनीं सर्व मंडळीला बोलाविलें, आपण स्वतः सर्व कामें करूं शकत नाहीं हें मान्य केलें, आणि मंडळीलाच सात विश्वासू पुरुष निवडावयास सांगितलें. निवडलेल्या सातहि जणांचीं नांवें ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती, त्याच बाजूच्या हातीं वांटपाचें काम सोंपविलें असें दिसतें. त्या सातांपैकीं एक संत स्तेफन, ख्रिस्तसभेचा पहिला हुतात्मा.

संत पौलानें करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्रांत वाळवंटांतील कुरकूर करणाऱ्यांचा शेवट काय झाला याची आठवण दिली आहे, आणि फिलिप्पैकरांस सर्व कांहीं कुरकूर व वादविवाद न करितां करावें असें लिहिलें आहे. हें दुसरें पत्र त्यानें बंदिवासांतून लिहिलें, हें विसरूं नये. साखळदंडांत असलेला मनुष्य जेव्हां कुरकूर नको म्हणतो, तेव्हां त्याच्या शब्दाला वजन येतें. आणि हाच पौल, फिलिप्पै नगरांत चौकशीवांचून फटके मारून तुरुंगांत घातल्यावर अधिकारी त्याला गुपचूप सोडूं लागले असतां, आम्ही रोमी नागरिक आहोंत, तुम्हीं स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावें, असें ठणकावून सांगतो. रात्रीं तुरुंगांत तो स्तोत्रें गात होता. सकाळीं त्यानें न्याय मागितला. या दोहोंत विरोध नाहीं.

संत बेनेडिक्टचा नियम

या साधनेला शिस्तीचें रूप दिलें तें संत बेनेडिक्टनें. इटलीतील नुर्सिया येथें सुमारें इ. स. ४८० मध्यें त्याचा जन्म झाला. संत ग्रेगरी महान यांनीं लिहिलेल्या त्याच्या चरित्रांत एक प्रसंग आहे. कांहीं मठवासीयांनीं तरुण बेनेडिक्टला आग्रहानें आपला मठाधिपति करून नेलें. पुढें त्याची शिस्त त्यांना जाचूं लागली. आपापसांत धुसफूस सुरू झाली. आणि शेवटीं त्यांनीं त्याच्या द्राक्षारसांत विष कालविलें. त्यानें क्रुसाची खूण करतांच पेला फुटला, असें ग्रेगरी सांगतात. बेनेडिक्ट रागावला नाहीं. देव तुम्हांला क्षमा करो, असें म्हणून तो आपल्या जुन्या एकान्तांत परत गेला. कुजबुजीपासून विषापर्यंतची वाट किती जवळची आहे, हें त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें.

नंतर सुमारें इ. स. ५२९ मध्यें त्यानें माँटे कासिनो येथें मठ स्थापिला व तेथें आपला नियम लिहिला. त्या नियमाचीं ७३ प्रकरणें आहेत, आणि त्यांत कुरकुरीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ४ थ्या प्रकरणांतील सत्कर्माच्या साधनांच्या यादींत कुरकूर न करणें हें एक साधन आहे. ५ व्या प्रकरणांत तो म्हणतो कीं, हातानें आज्ञा पाळली पण मनांत कुरकूर केली, तर त्या आज्ञापालनाचें फळ मिळत नाहीं, कारण देव हृदय पाहतो. २३ व्या प्रकरणांत कुरकूर करणाऱ्याला आधीं दोनदां खासगी रीतीनें समज द्यावी आणि मगच सर्वांसमक्ष बोलावें, असा क्रम सांगितला आहे.

इतकेंच असतें, तर हा नियम केवळ कडक म्हटला असता. पण बेनेडिक्टची खरी थोरवी दुसऱ्याच ठिकाणीं आहे. तो कुरकुरीला दोष देतो आणि त्याच दमांत तिचें कारणहि शोधतो. ३५ व्या प्रकरणांत आठवड्याच्या पाळीनें स्वयंपाकघरांत राबणाऱ्या बंधूंना जेवणाच्या घटकाभर आधीं थोडी जास्त भाकर व पेय द्यावें असें तो सांगतो; हेतु हा कीं, इतरांना वाढतांना त्यांनीं उपाशीपोटीं कुरकुरूं नये. ५३ व्या प्रकरणांत पाहुण्यांचा स्वयंपाक करणाऱ्यांना गरज पडेल तेव्हां मदतनीस द्यावे असें आहे, कारण तेंच. ४१ व्या प्रकरणांत उन्हाळ्यांत शेताचें काम असेल तर जेवणाची वेळ बदलण्याचा अधिकार तो मठाधिपतीला देतो, आणि बंधूंना कुरकुरण्यास न्याय्य कारण मिळणार नाहीं अशा रीतीनें मठाधिपतीनें सर्व व्यवस्था ठेवावी, असें बजावतो. न्याय्य कारण! म्हणजे कुरकुरीला कधीं कधीं न्याय्य कारण असूं शकतें, हें त्या कठोर संतानें मान्य केलें आहे, आणि तें दूर करण्याचा भार त्यानें अधिकाऱ्याच्या खांद्यावर ठेविला आहे.

वांटपाविषयींचें ३४ वें प्रकरण तर प्रत्येक कुटुंबांत वाचण्यासारखें आहे. सर्वांना सारखें न देतां ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें द्यावें. ज्याला कमी लागतें त्यानें देवाचे आभार मानावे व खिन्न होऊं नये. ज्याला जास्त लागतें त्यानें आपल्या दुर्बळतेमुळें नम्र व्हावें व मिळालेल्या सवलतीनें फुगूं नये. असें झालें म्हणजे सर्व अवयव शान्तीनें नांदतील. थोरल्याला काय मिळालें आणि धाकट्याला काय, या हिशेबांत ज्या घरांच्या भिंती चिरल्या, त्यांना याहून वेगळें औषध नाहीं.

शेवटीं ६८ व्या प्रकरणांत गाऱ्हाण्याची रीत आहे. एखाद्या बंधूला अशक्य वाटणारें काम सांगितलें, तर त्यानें तें आधीं नम्रतेनें स्वीकारावें. भार खरोखरच शक्तीपलीकडचा आहे असें दिसल्यास योग्य वेळ पाहून, शान्तपणें, ताठा न धरितां, वरिष्ठास आपली अडचण सांगावी. ऐकून घेतल्यावरहि वरिष्ठाचा निर्णय कायम राहिला, तर देवाच्या साह्यावर भरंवसा ठेवून तें करावें. चौदाशें वर्षांहून अधिक काळ हजारों मठ या रीतीनें चालले, याचें रहस्य यांतच आहे.

पुढील शतकें

मठांतील ही साधना पुढें प्रापंचिकांच्या घरांत आली. संत इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकास पोप तिसरे पॉल यांनीं इ. स. १५४८ मध्यें मान्यता दिली. त्याच्या आरंभींच असें सूत्र आहे कीं, शेजाऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावण्यास ख्रिस्ती मनुष्यानें अधिक तत्पर असावें. अर्थ लागत नसेल तर त्यालाच विचारावें. आणि तो चुकत असेल तर प्रेमानें सुधारावें. पुष्कळशी कुरकूर मुळांत गैरसमजच असते, हें जाणणाऱ्याचें हें सूत्र आहे. याच इग्नेशियसच्या संघांतील फादर थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले आणि त्यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्यें छापलें गेलें. त्याच्या पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा ओवीबद्ध करून त्यांनीं इस्राएलाचा इतिहास आपल्या पूर्वजांच्या कानीं घातला.

संत फ्रान्सिस द सेल्स यांनीं इ. स. १६०९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'भक्तिमय जीवनाची ओळख' या ग्रंथांत गृहस्थांसाठीं व्यवहारी सल्ला आहे. आपल्यावर झालेल्या अन्यायाविषयीं होतां होईल तों कमी बोलावें. बोलणें आवश्यकच असेल तर शान्त व देवभीरु माणसापाशीं बोलावें. चटकन भडकणाऱ्यापाशीं बोलूं नये, कारण तो कांटा काढण्याऐवजीं अधिक खोल रुतवील. आजाऱ्यानेंहि आपलें दुखणें वैद्याला खरें खरें सांगावें, औषध घ्यावें, आणि उरलेलें प्रभूच्या दुःखांशीं जोडावें.

लिझ्यूची संत तेरेजा इ. स. १८८८ मध्यें, वयाच्या पंधराव्या वर्षीं, कार्मेल मठांत शिरली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजीं क्षयानें, अवघ्या २४ व्या वर्षीं, प्रभूघरीं गेली. तिच्या आत्मचरित्रांत दोन साध्या गोष्टी आहेत. ध्यानाच्या वेळीं मागें बसणारी एक भगिनी सतत विचित्र आवाज करीत असे. वळून पाहावें असें तेरेजाच्या मनांत येई, पण ती तोच आवाज प्रभूला गायन म्हणून अर्पण करूं लागली. कपडे धुतांना समोरची भगिनी मळकें पाणी तिच्या तोंडावर उडवी. तेरेजा मागें सरली नाहीं. या गोष्टी बायकी वाटतात? ज्यानें एक दिवस तरी त्या करून पाहिल्या आहेत, त्याला तसें वाटणार नाहीं. तीच तेरेजा शेवटच्या दुखण्यांत आपल्या वेदना व श्रद्धेवर आलेला काळोख जवळच्या भगिनींपासून लपवीत नव्हती. इ. स. १९२५ मध्यें तिला संतपद मिळालें आणि इ. स. १९२७ मध्यें ती मिशन-कार्याची आश्रयदात्री संत ठरली.

वसईचा सुपुत्र

या मालिकेंत आपल्या भूमीचेंहि एक नांव आहे : वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया. तरुणपणीं ते जेसुइट धर्मगुरूंबरोबर जपानास गेले व तेथें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. त्या संघांत प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा सफल झाली नाहीं. कांहीं काळ व्यापार करून ते मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधु झाले, आणि जपानी भाषा येत असल्यामुळें दुभाषी म्हणून इ. स. १५९३ मध्यें पुन्हा त्याच देशांत गेले. मनासारखें न घडल्याची कुरकूर उराशीं धरणारा मनुष्य त्या देशाकडे पुन्हा फिरकला नसता.

त्या काळीं जपानांत जेसुइट व फ्रान्सिस्कन यांच्यांत कार्यपद्धतीवरून तीव्र मतभेद होते. पत्रांतून एकमेकांविषयीं पुष्कळ लिहिलें जाई. मग राजसत्तेचा कोप झाला. क्योटो येथें कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला आणि ऐन हिंवाळ्यांत त्यांना नागासाकीपर्यंत चालवीत नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर २६ क्रूस एका रांगेंत उभे राहिले : सहा फ्रान्सिस्कन, तीन जेसुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक. जेसुइट बंधु पॉल मिकी यांनीं क्रुसावरूनच उपदेश केला व मारेकऱ्यांना क्षमा केली. संघासंघांतील जुनी कुरबूर त्या रांगेंत कोणाला आठवली असेल? इ. स. १८६२ मध्यें पोप नववे पायस यांनीं त्या सर्वांना संत म्हणून जाहीर केलें.

आपल्यासाठीं

आपल्या काळांत पोप फ्रान्सिस यांनीं इ. स. २०१७ मध्यें आपल्या खोलीच्या दारावर तक्रार करण्यास मनाई असल्याची एक पाटी लावली होती. एका इटालियन मानसशास्त्रज्ञानें ती त्यांना भेट दिली होती, आणि मुलांदेखत तक्रार केल्यास दंड दुप्पट, असेंहि तिच्यावर लिहिलें होतें. पुष्कळ लोक हंसले. परंतु मुलांविषयींचें तें कलम हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. जेवणाच्या पाटावर रोज शेजाऱ्याची, गुरुजींची, धर्मगुरूची निंदा ऐकणारें मूल रविवारीं मंदिरांत कोणत्या मनानें येईल?

त्याचबरोबर इ. स. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचें २१२ वें कलमहि प्रत्येक श्रद्धावंतानें जाणावें. आपल्या गरजा व इच्छा धर्माधिकाऱ्यांना कळविण्याचा अधिकार श्रद्धावंतांना आहे, आणि ख्रिस्तसभेच्या हिताविषयीं आपलें मत आदरपूर्वक सांगणें हें प्रसंगीं त्यांचें कर्तव्यहि आहे, असें तें कलम सांगतें. जो धर्मग्रामस्थ हिशेबाविषयीं शंका असतां बैठकींत उभा राहून विचारतो, तो कुरकूर करीत नाहीं. जी स्त्री घरांतील मारहाण योग्य माणसास, प्रसंगीं पोलिसांस, सांगते, ती कुरकूर करीत नाहीं. मजुरी थकली म्हणून जो धन्याच्या दारीं जातो, तोहि कुरकूर करीत नाहीं. हीं गाऱ्हाणीं आहेत. तीं ऐकणें, आणि संत बेनेडिक्टच्या मठाधिपतीप्रमाणें त्यांचें न्याय्य कारण दूर करणें, हें आम्हां धर्मगुरूंवर, घरांतील वडीलधाऱ्यांवर आणि मंडळांच्या चालकांवर बंधनकारक आहे. ज्या घरांत गाऱ्हाण्याला कान मिळत नाहीं, तेथें कुरकुरीला वाचा फुटते.

म्हणून या ज्युबिलीनिमित्त प्रत्येक कुटुंबानें एक लहानसा नेम धरावा. तोंडून तक्रार बाहेर पडण्यापूर्वीं मनाशीं तीन गोष्टी पाहाव्या : हें ज्याच्याविषयीं आहे त्याला मीं सांगितलें आहे काय? हें ज्याच्या हातीं उपाय आहे त्याच्यापाशीं मी नेलें आहे काय? आणि याविषयीं मीं देवापाशीं एकदां तरी प्रार्थना केली आहे काय? तिन्ही ठिकाणीं जाऊन आलेली गोष्ट पायऱ्यांवर बोलण्याजोगी सहसा उरत नाहीं. रात्रीं रोझरी संपल्यावर, दिवसभरांत जें मिळालें त्यांतील एकेका गोष्टीचा प्रत्येकानें मोठ्यानें उच्चार करावा व आभार मानावे. मान्ना रोज पहांटे पडत होता. तो वेंचण्यास लवकर उठावें लागे, आणि ऊन तापलें म्हणजे तो वितळून जाई.

ज्यांनीं हा धर्मग्राम उभा केला, त्यांच्यापाशीं कुरकुरण्यास कारणें आपल्याहून अधिक होतीं. त्यांनीं दगड वाहिले, मूठभर तांदूळ बाजूला काढले आणि मंदिर बांधिलें. त्यांचीं नांवें मृतांसाठीं अर्पिलेल्या मिस्साबलिदानांत आपण घेतों. येणारीं वर्षें आपल्या जिभेवर त्यांच्यासारखेंच उपकारस्मरण राहो, आपल्या अधिकाऱ्यांना ऐकणारे कान लाभोत, आणि वसईच्या हुतात्म्याची मध्यस्थी आपणांस सदैव प्राप्त होवो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.